मामाजींची शेकणारी सीट

लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी माझे सासरे माझ्यावर एकदाही ओरडले नव्हते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटत असे.

कुणी म्हणेल, याला सुख बोचतं. पण म्हणणाऱ्याने माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, पाहिलेले नाहीत. देवळीच्या बाजारात त्यांचं गुरांना घालायच्या सरकी-ढेपेचं दुकान होतं आणि त्यांचा आवाज बसस्टँडपर्यंत पोचायचा. हमालावर ते ओरडत, दूधवाल्यावर ओरडत, ढेप न्यायला आलेल्या गिऱ्हाइकावर ओरडत, आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याच दुकानात येई. सासूबाईंवर ते चहात साखर कमी पडली म्हणून ओरडत आणि दुसऱ्या दिवशी जास्त पडली म्हणून. माझ्या बायकोला ते गधडी म्हणत. तिचं लग्न झाल्यावरही म्हणत, आणि ती 'हो बाबा' म्हणून आपल्या कामाला लागे. शिव्या सगळ्या घरगुती, गाढव-बैलाच्या पलीकडे कधी गेल्या नाहीत. आत्ता ज्याला बैल म्हटलं त्याच्याच पुढे ते पाच मिनिटांनी पानाचा डबा सरकवत. त्यांच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार होते. आपल्या माणसाला शिवी, आणि परक्याला 'या जी, बसा जी'.

मला दोन वर्षं 'बसा जी' मिळत होतं.

जावई हे आमच्याकडे मोठं अवघड प्रकरण असतं. त्याला उठवायचं नाही, त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही, त्याच्या शब्दाला नाही म्हणायचं नाही, आणि त्याने काही करून ठेवलंच तर त्याला वाईट म्हणायचं नाही. मी पुलगावला स्टेशनच्या रस्त्यावर बॅटरी-वायरिंगचं दुकान चालवत होतो. अख्खा दिवस ट्रकखाली उताणा पडून जायचा. पण सासरी पाय ठेवला की माझ्यासाठी हाताची खुर्ची मांडली जाई, तिच्यावर धुतलेली चादर टाकली जाई, आणि मी तिथे पूजेला मांडल्यासारखा बसून राही. एकदा संध्याकाळी घरातला फ्यूज उडाला. मी उठणार तेवढ्यात सासऱ्यांनी दोन्ही हात पुढे करून मला खाली बसवलं आणि बाजारातून एक वायरमन बोलावून आणला. हा वायरमन काही अडलं की मलाच विचारायला पुलगावला यायचा. त्याने अंधारात कंदील वर करून मला खुर्चीवर बसलेला पाहिला आणि त्याला जे हसू फुटलं ते फ्यूज बांधून होईपर्यंत थांबलं नाही.

मी बायकोजवळ कुरकुर केली. ती म्हणाली, मान मिळतो तर घ्यावा मुकाट्याने, आम्हाला तर तोही नाही. तिला कसं सांगणार, की त्या घरात सगळे शिव्या खात, हसत, एकमेकांच्या ताटातलं उचलत जेवतात आणि मी एकटा वेगळ्या पाटावर बसून तूप वाढून घेतो. मला त्या घरातला व्हायचं होतं. एक शिवी हवी होती, फार मोठी नको, एखादं साधं गाढव चाललं असतं.

सासऱ्यांना जगात दोनच गोष्टींपुढे गप्प बसावं लागे. एक जावई आणि दुसरी त्यांची स्वतःची कंबर. थंडी पडली की कंबर धरायची. मग सासूबाई चुलीत वीट तापवत, फडक्यात गुंडाळत आणि त्यांना पालथं झोपवून शेक देत. वीट फिरत असे तेवढाच वेळ घरात शांतता. त्यांच्याकडे एक जुनी काळी गाडी होती, ती ते स्वतःच चालवत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. तिची पुढची सीट म्हणजे या दारापासून त्या दारापर्यंत एकच लांब बाक, आणि त्यातल्या स्प्रिंगा वर आलेल्या. नुसतं वर्ध्याला जाऊन आले तरी मामाजी दोन दिवस आडवे होत. थंडीत तर ते गाडी काढतच नसत. कारंज्याला त्यांची थोरली बहीण राहायची, तिच्याकडे जायचं झालं तर उन्हाळ्यातच.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट असेल. मे महिन्यात मी कामासाठी कारंज्याला गेलो होतो. तिथे हायवेवर एका ढाब्यामागे एका भंगारवाल्याचं आवार होतं, जुन्या बॅटऱ्यांसाठी मी त्याच्याकडे जायचो. कुण्या परदेशी साहेबाची गाडी तिथल्या वळणावर उभ्या ट्रकला जाऊन धडकली होती. साहेब वाचला, गाडी संपली. भंगारवाल्याने तिची चाकं विकली, काचा विकल्या, दारं विकली. ड्रायव्हरची सीट तेवढी त्याने ठेवून घेतली आणि कडुनिंबाखाली मांडून तिच्यावर बसून तो बिड्या ओढायचा. बदामी रंगाची, जाड, दोन्ही बाजूंनी माणसाला धरून ठेवणारी सीट. मी खाली वाकून पाहिलं तर वायरींचं हे एवढं जुडगं लोंबत होतं आणि त्याच्या वर दोन छोट्या मोटरी.

भंगारवाल्याने सांगितलं की साहेबाचा ड्रायव्हर म्हणत होता, ही सीट बटन दाबलं की पुढे-मागे आणि वर-खाली होते. आणि दुसरं बटन दाबलं की गरम होते.

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. समोर हायवेवरचं डांबर पातळ झालं होतं, ढाब्यावरचा पोऱ्या खाटांवर बादलीने पाणी मारत होता, आणि ही सीट गरम होते. भंगारवाला आधी हसला, मग मी हसलो, मग आम्हाला थांबताच येईना. त्याच्या बिडीचा ठसका लागून तो खाली बसला. आणि त्या हसण्यातच मला एकदम ती फडक्यात गुंडाळलेली वीट दिसली.

माझं हसू तिथेच थांबलं. मी त्याला विचारलं, ही देतो का? बदल्यात मी त्याला नवीन प्लेटा घातलेली ट्रकची बॅटरी कबूल केली, आणि संध्याकाळी पुलगावकडे जाणाऱ्या एका ट्रकच्या टपावर, त्या सीटवरच बसून, पाय लांब करून मी घरी आलो. वाटेत भेटलेल्या प्रत्येक बैलगाडीवाल्याला मी हात केला.

दुकानात सीट फरशीवर ठेवली, बॅटरीच्या दोन वायरी लावल्या आणि बटन दाबलं. सीट 'ऊंऽऽ' करत पुढे सरकली. मागे सरकली. वर गेली. पुढचे दोन दिवस माझ्या दुकानात धंदा झाला नाही. शेजारचा शिंपी बसून गेला, पानवाला बसून गेला, स्टेशनवरचा एक टीसी ड्युटी सोडून आला. चहावाला तर हातात कपबशी घेऊन बसला आणि वर जाता जाता चहा प्यायला. सगळं चालत होतं, फक्त सीट गरम होत नव्हती. बटन दाबा, वाट पाहा, काही नाही.

मी कुशनची शिवण उसवून आत पाहिलं. वाकळेत दोरा फिरवावा तशी आतून तार फिरवलेली होती, आणि तारेच्या तोंडाशी एक बारकी गोल डबी. इस्त्रीत असते तशी त्यात एक पत्री होती. पाहिजे तेवढी गरमी झाली की ती वाकते आणि करंट तोडते, निवलं की पुन्हा जोडते. माझ्या डबीतली पत्री उघडीच होती, जुळायला तयार नव्हती. मी डोकं लावलं, पत्री जळाली असणार. आता आमच्या धंद्यात जे चालत नाही त्यावर एकच औषध असतं. मी ती डबी कापून फेकली आणि दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन वर टेप मारला. डायरेक्ट. आमच्याकडे हा शब्द उच्चारताना कारागिराची मान थोडी ताठ होते. तार लगेच तापायला लागली आणि मी स्वतःवर खूश झालो.

पत्री चांगली ठणठणीत होती. मे महिना होता, वर पत्र्याचं छप्पर, दुकानात उभं राहिलं तरी बनियन पिळावा लागत होता. सीट बिचारी अगदी बरोबर सांगत होती की बसणाऱ्याला गरमी पुरेशी आहे, आणखी नको. गरम होणारी सीट वर्ध्याच्या उन्हाळ्यात तपासून पाहणारा माणूस पृथ्वीवर मी एकटाच असेन. पण हे मला कळायला जानेवारी उजाडावा लागला.

सासऱ्यांना मी सीटचं सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गाडीचा बाक अर्धा कापावा लागेल हेही ऐकलं. जावयाला नाही म्हणता येत नाही, म्हणून ते म्हणाले, "जसं तुमचं मन, जवाईबापू." मग म्हणाले, लग्नसराई होऊ द्या. लग्नसराई झाली तर पाऊस होऊ द्या. पावसानंतर गणपती, गणपतीनंतर दिवाळी, दिवाळीनंतर सरकीचा हंगाम. प्रत्येक वेळी एवढ्या गोड आवाजात सांगत की मी खूश होऊन परत यायचो. त्यांना तो बाक कापायचाच नाही हे माझ्या बायकोला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने मला सांगितलं नाही, कारण तिला मजा वाटत होती.

सुटका सासूबाईंनी केली. संक्रांतीनंतर कारंज्याच्या बहिणीकडे नातवाचं बारसं निघालं आणि नेमकी त्याच वेळी मामाजींची कंबर धरली. सासूबाई म्हणाल्या, जवाईबापूंच्या सीटवर बसून चला, नाहीतर मी एकटी एसटीने जाते. मामाजींनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

बारशाच्या दोन दिवस आधी मी आणि बायको देवळीला गेलो. पहिल्यांदाच त्या अंगणात माझे हात काळे होणार होते, मला उड्या मारायच्या बाकी होत्या. मी बाकावर करवत चालवायला सुरुवात केली तेव्हा मामाजी समोर उभे होते. त्यांचं तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. मग ते तसेच दुकानात गेले, आणि घरापर्यंत हमालाचा उद्धार ऐकू आला. त्या हमालाला आपलं काय चुकलं हे कधीच कळलं नसेल.

अर्धा बाक सासूबाईंसाठी ठेवला, उजवीकडे परदेशी सीट बसवली. तिची बटनं डाव्या अंगाला होती, कारण तिकडचे लोक डावीकडे बसून गाडी चालवतात. आमच्या गाडीत ती बटनं बरोबर सासूबाईंच्या हाताखाली आली. शिवाय माझ्या हातून दोन वायरींची अदलाबदल झाली होती. पुढचं बटन दाबलं की सीट मागे जायची आणि मागचं दाबलं की पुढे. मी सासूबाईंना सांगितलं, लक्षात ठेवा, उलटं दाबायचं. त्यांनी लक्षात ठेवलं. नंतर अर्धा तास त्यांनी सराव केला. आयुष्यभर ज्या माणसाने हलवलं तसं त्या हलल्या होत्या, तो माणूस आता त्यांच्या एका बोटाने पुढे जात होता, मागे येत होता, वर जात होता. त्या हसून हसून रडायला लागल्या. मामाजी गाडीत ताठ बसून समोरच्या भिंतीकडे पाहत होते, कारण मी शेजारी उभा होतो.

मग गरमीचं बटन दाबून पाहिलं. सगळ्यांनी आळीपाळीने सीटवर हात ठेवला. दोन मिनिटांत छान ऊब आली. सासूबाई म्हणाल्या, विटेपेक्षा बरं. मी बटन बंद केलं, पुढे किती तापते ते पाहायचं कुणालाच सुचलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मला त्या उलट्या बटनांची लाज वाटू लागली. कारंज्याला चार लोक गाडी पाहतील, काम कसं चोख दिसलं पाहिजे. मी त्या दोन वायरी काढून सरळ लावल्या. आता पुढचं बटन पुढे, मागचं मागे. हे सासूबाईंना सांगायचं मी विसरलो.

पहाटे निघालो तेव्हा धुकं एवढं होतं की दिवे लावूनही दहा हातांपलीकडे दिसत नव्हतं. मामाजी स्टेअरिंगवर, अंगात लोकरी कोट, डोक्याला कानटोपी, गळ्यात मफलर. शेजारी सासूबाई. मागे मी आणि बायको एका चादरीत. आर्वीच्या रस्त्याला लागलो आणि सासूबाईंनी गरमीचं बटन दाबलं.

थोड्या वेळाने मी पुढे वाकून विचारलं, मामाजी, लागतंय का गरम?

"मस्त शेकून राह्यलं जी, जवाईबापू."

मला काय वाटलं ते सांगत नाही. मी चादरीत बायकोचा हात धरून जोरात दाबला. तिने तो सोडवून घेतला आणि म्हणाली, झोपा.

पाच-सात मैल गेल्यावर मामाजींनी मफलर काढला. मी पुन्हा विचारलं, बरं वाटतंय ना? बरं वाटतंय म्हणाले. मग कानटोपी काढली. मग एका हाताने स्टेअरिंग धरून दुसऱ्या हाताने कोट काढला, सासूबाईंनी बाही ओढायला मदत केली. मग खिडकीची काच खाली केली. पहाटेची ती गार हवा बर्फासारखी मागे आमच्या अंगावर आली. आम्ही दोघं चादरीत कुडकुडत होतो आणि पुढे मामाजी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसत होते. मला आनंद इतका झाला होता की मला ते घाम पुसणं दिसत असून दिसलं नाही. मी म्हटलं, कंबर मोकळी होतेय, आतली सर्दी निघतेय. ते म्हणाले, "हो जी." आवाज जरा बारीक आला.

बायकोने माझ्या कानात विचारलं की बाबा असे उभ्याने का गाडी चालवतात? मी पाहिलं. खरंच ते सीटपासून चार बोटं वर होते, सगळं वजन हातांवर आणि पायांवर. मी मनाशी म्हटलं, धुक्यात लांबचं दिसावं म्हणून असेल. माणसाला जे पाहायचं नसतं ते तो बरोबर पाहत नाही.

शेवटी त्यांना ते झेपेना. बटन बंद कर म्हणायचं, तर जावयाच्या सीटला नावं ठेवल्यासारखं होतं. म्हणून त्यांनी हळूच सासूबाईंना सांगितलं, जरा मागे घे, पाय लांब करतो. सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे उलटं बटन दाबलं.

सीट पुढे गेली. सासूबाईंना वाटलं कमी दाबलं, त्यांनी आणखी दाबलं. सीट आणखी पुढे गेली. मामाजींचं पोट स्टेअरिंगला लागलं, त्याच्या बरोबर मध्यावर हॉर्नचं बटन होतं, आणि धुक्यात आमचा हॉर्न सुरू झाला. समोरून कापसाच्या बैलगाड्यांची रांग येत होती. पहिल्या गाडीचे बैल सरळ तुरीच्या वावरात घुसले. मामाजी म्हणत होते मागे, मागे, आणि सासूबाई सगळा जोर लावून दाबत होत्या. "मागंच घेऊन राह्यली जी मी." मग सीट अर्ध्यावर अडखळली. दिवे पिवळे पडले. हॉर्न रडका झाला आणि थांबला. इंजिननेही दोन आचके दिले आणि गाडी कडेला जाऊन उभी राहिली. इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या त्या म्हाताऱ्या डायनॅमोला दिव्यांचंच ओझं जड होतं, त्यात माझी सीट त्याच्या जिवावर तापत होती. बॅटरी पार बसली होती.

सगळं शांत झालं. मामाजी सीट आणि स्टेअरिंग यांच्यात पापडासारखे दाबले गेले होते, दार उघडलं तरी निघता येईना, आणि खाली सीट अजून तापलेलीच. त्यांच्या धोतरातून इस्त्रीचा वास यायला लागला. मी उतरून त्यांच्या खिडकीशी गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला, मिशा हलल्या, आणि दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"काऊन बे गध्या, जित्ता भाजून राह्यला का मले?"

वावरात बैल आवरणारा गाडीवान थांबून ऐकू लागला. मामाजी थांबलेच नाहीत. सात महिने मी टाळत होतो, तरी तुझं डोस्कं नाही समजलं? माझा चांगला बाक कापला, मला विटेच्या भट्टीवर बसवलं, वर दर दोन मैलांवर विचारतो बरं वाटते का? तू वायरिंग करतो की मुर्दे जाळतो? बैल कुठला, बैल परवडला, त्याला वेसण तरी असते. हे सगळं त्या पंधरा-वीस मिनिटांच्या घामासकट, पोट स्टेअरिंगला दाबलेलं असल्यामुळे मधेमधे श्वास घेत.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, जावयाला असं बोलले. बायको गाडीतून उतरून माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी काय करत होतो? मी उभा होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. मी खाली मान घातली, ती शरमेने घातली असं त्यांना वाटलं असेल तर वाटो.

मी आधी गरमीची वायर उपटून काढली. मग सांगितलं की इंजिन चालू झालं तर डायनॅमोचा करंट मिळेल आणि सीट मागे जाईल. इंजिनाला पुढून हँडल मारून चालू करावं तर हँडल जुन्या बाकाखाली ठेवलेलं असायचं, आणि बाक कापताना मीच ते काढून देवळीला ओसरीवर ठेवलं होतं.

मामाजींनी डोळे मिटले. मग उघडले.

"आता पाहून काय राह्यला बे? ढकल."

जावयाला गाडी ढकलायला लावणारा सासरा आमच्या मुलखात तोपर्यंत झाला नसेल. मी मागे गेलो आणि ढकलायला लागलो. बायकोही पदर खोचून आली. मामाजी अडकल्या पोटाने, हनुवटी स्टेअरिंगवर ठेवून गाडी सरळ धरत होते आणि खिडकीतून डोकं बाहेर काढता येईना म्हणून आतूनच ओरडत होते, जोर लाव, खाल्लेलं तूप कुठी गेलं? त्या तुपाचा हिशेबही त्यांनी मनात ठेवलेला पाहून मला एवढं हसू आलं की हातातला जोरच गेला, गाडी थांबली, आणि पुन्हा एक शिवी मिळाली. चढ संपला, उतार लागला, आणि इंजिन एकदम खाकरून सुरू झालं. मी पळत जाऊन खिडकीतून ओरडलो, मामीजी, मागचं बटन, सरळ मागचं. सीट रडतखडत मागे गेली आणि मामाजी मोकळे झाले.

ते इंजिन चालू ठेवून उतरले, धोतर मागून झटकलं आणि मला ड्रायव्हरच्या सीटकडे बोट दाखवलं. तू बस आता त्याच्यावर, म्हणाले. ज्या गाडीला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता ती मी कारंज्यापर्यंत चालवली. सासूबाई मागे गेल्या, मामाजी माझ्या शेजारी अर्ध्या बाकावर बसले. गिअर उशिरा टाकतो म्हणून ते ओरडले, लवकर टाकतो म्हणून ओरडले, खड्डा चुकवला म्हणून आणि नाही चुकवला म्हणूनही ओरडले. धुकं विरलं, दोन्ही बाजूंना तुरी दिसायला लागल्या. माझ्या आयुष्यात मी एवढा आनंदाने कधी गाडी चालवली नाही.

कारंज्याला बहिणीच्या दारात गाडी थांबली. ती थोरली बाई रिवाजाप्रमाणे पाण्याचा लोटा घेऊन पुढे आली, जावयाच्या पायावर आधी पाणी घालायचं म्हणून. मामाजींनी मधेच तो लोटा तिच्या हातातून घेतला.

"त्याचं राहू दे. पहिले मले दे."

आणि मांडवातल्या सगळ्यांसमोर त्यांनी ते पाणी कुठे ओतलं ते मी लिहीत नाही.

मी मागच्या अंगणात हात धुवायला गेलो. ग्रीस कोपरापर्यंत गेलं होतं. बायको राख घेऊन आली आणि बादलीतून पाणी घालू लागली. मी एकसारखा हसतोय हे पाहून तिने विचारलं, डोक्यावर परिणाम झाला का?

मी म्हटलं, "बाबांनी आज मला गाढव म्हटलं. सहा वेळा. मी मोजलं."

ती पाणी घालत राहिली. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही.

"मंग काय झालं? आम्हाले त रोजच म्हनते."